आरोग्य प्रश्नोत्तरे: जठरात आतड्याच्या पेशी कशा आल्या?

प्रश्न: माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. पित्ताचा जुना त्रास असल्याने त्यांची एंडोस्कोपी झाली आणि जठराच्या अस्तराचे तुकडे तपासणीला पाठवले गेले. अहवालात 'दीर्घकालीन जठरदाह, ग्रंथींची मध्यम झीज, इंटेस्टायनल मेटाप्लेझिया, डिस्प्लेझिया नाही' असे लिहिले आहे. जठरात आतड्याच्या पेशी कशा काय आल्या? हा कर्करोग समजायचा का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: हा कर्करोग नाही. 'डिस्प्लेझिया नाही' याचा अर्थ पेशींमध्ये कर्करोगाकडे झुकणारे बदल सापडलेले नाहीत, आणि संपूर्ण अहवालात आपल्यासाठी तेच शब्द सर्वांत मोलाचे आहेत. आता मूळ प्रश्नाकडे वळू.

अन्नमार्गाच्या भिंतीचा आराखडा अन्ननलिकेपासून मोठ्या आतड्यापर्यंत साधारण एकच असतो. सर्वांत आत श्लेष्मल अस्तर, त्याखाली रक्तवाहिन्या आणि चेतातंतू असलेला सैलसर थर, मग स्नायूंचे थर आणि शेवटी बाहेरचे पातळ आवरण. एंडोस्कोपीच्या चिमट्यात प्रामुख्याने पहिला थरच येतो. हा थर मात्र जागेनुसार बदलतो, आणि बायोप्सी वाचणे म्हणजे बऱ्याच अंशी कोणती पेशी कुठल्या जागी दिसते आहे हे ताडून पाहणे होय. अन्ननलिकेत चपट्या पेशींचे एकावर एक अनेक थर असतात, कारण तिथून कोरडा, खरखरीत घासही खाली सरकत असतो. जठराच्या तोंडाशी हे थर एका नागमोडी रेषेवर संपतात आणि तिथून श्लेष्म बनवणाऱ्या उंच पेशींचा एकेरी थर सुरू होतो.

या एकेरी थरात असंख्य सूक्ष्म खळगे असतात आणि त्यांच्या तळाशी नळ्यांसारख्या ग्रंथी उघडतात. जठराच्या मुख्य भागात खळगे उथळ आणि ग्रंथी लांब असतात. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात पाहिले, तर या ग्रंथींमध्ये मधोमध गोल केंद्रक असलेल्या टपोऱ्या गुलाबी पेशी दिसतात. या पॅरायटल पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतात, आणि ब-१२ जीवनसत्त्व शोषले जाण्यासाठी लागणारा 'इंट्रिन्सिक फॅक्टर'ही त्याच बनवतात. त्यांच्या खाली, ग्रंथीच्या तळाकडे, पेप्सिनोजेन (प्रथिने पचवणाऱ्या पेप्सिनचे निष्क्रिय रूप) बनवणाऱ्या निळसर-जांभळ्या चीफ पेशी असतात. जठराच्या खालच्या भागात, म्हणजे अँट्रममध्ये, चित्र उलटे दिसते. तिथे खळगे खोल असतात, ग्रंथी मुख्यतः श्लेष्म बनवतात आणि अधूनमधून गॅस्ट्रिन हे संप्रेरक सोडणाऱ्या जी-पेशी आढळतात. फुगीर, श्लेष्माने भरलेल्या गॉब्लेट पेशी मात्र निरोगी जठरात नसतात, त्यांची जागा आतड्यात आहे. म्हणूनच अल्शियन ब्लू हा रंग लावल्यावर जठराच्या तुकड्यात या पेशींचे निळे ठिपके उमटले, की तपासणारा डॉक्टर 'इंटेस्टायनल मेटाप्लेझिया' अशी नोंद करतो.

आतडे वर सरकलेले नाही, की त्याच्या पेशी प्रवास करून जठरात आलेल्या नाहीत. जठराच्या अस्तरातील मूळपेशी आयुष्यभर नव्या पेशी घडवत असतात, आणि अनेक वर्षे दाह सोसल्यावर त्या जठराऐवजी आतड्याच्या धाटणीच्या पेशी घडवू लागतात. या दाहाचे सर्वांत नेहमीचे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आहे. युरिएज या विकराच्या साहाय्याने तो स्वतःभोवती अमोनिया तयार करतो आणि आम्लातही तग धरतो. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी पर्थमध्ये त्याचा संबंध जठरदाहाशी आणि व्रणांशी जोडला, तेव्हा सुरुवातीला फारसा कोणाचा विश्वास बसला नव्हता. १९८४ साली मार्शल यांनी या जिवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली म्हणजे, तुकडे जठराच्या कोणकोणत्या भागांतून घेतले होते आणि बदल केवळ अँट्रममध्ये आहे की मुख्य भागातही. एकाच डबीत सगळे तुकडे एकत्र गेले असतील, तर हे नेमके सांगणे अवघड होते, आणि आपल्याकडे हा ढिसाळपणा अजूनही बराच चालतो. बदल दोन्ही भागांत पसरलेला असेल, तर युरोपातील मार्गदर्शक तत्त्वे दर तीन वर्षांनी एंडोस्कोपी सुचवतात. घरात कोणाला जठराचा कर्करोग झालेला असल्यास तेही आवर्जून सांगावे. दुसरी म्हणजे, जिवाणूची तपासणी झाली आहे का. मेटाप्लेझिया झालेल्या जागी हा जिवाणू नीट टिकत नाही, आणि ओमेप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतानाही तो तपासणीत सापडेलच असे नाही. म्हणून एका नकारात्मक अहवालावर विसंबू नये. तिसरी म्हणजे, ब-१२ची पातळी. मुख्य भागातील ग्रंथी झिजल्या की पॅरायटल पेशी कमी होतात आणि त्याबरोबर या जीवनसत्त्वाचे शोषणही मंदावते. मेटाप्लेझिया असलेल्या बहुसंख्य लोकांना कर्करोग होत नाही. तरीही जिवाणू सापडल्यास त्याचा पूर्ण उपचार करावा आणि तंबाखू सोडावा, यात तडजोड नसावी.

प्रश्न: जठरातील आम्ल मांस पचवू शकते, तर ते जठरालाच का पचवत नाही? आणि वेदनाशामक गोळी जेवणानंतर घेतली, तर जठर सुरक्षित राहते का? (एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर: पृष्ठभागावरील पेशी दाट, चिकट श्लेष्म सोडतात आणि त्यात आम्ल शमवणारे बायकार्बोनेट मिसळतात. त्यामुळे जठराच्या पोकळीत पीएच १ ते २ असला, तरी पेशींना लागून तो उदासीनतेच्या जवळ राहतो. मला यात विशेष वाटते ती रक्तवाहिन्यांची मांडणी. पॅरायटल पेशी एका बाजूने आम्ल पोकळीत ढकलते, तेव्हा दुसऱ्या बाजूने तितकेच बायकार्बोनेट रक्तात सोडते. ग्रंथींना बिलगून वर जाणाऱ्या केशवाहिन्या ते थेट पृष्ठभागाच्या पेशींपर्यंत पोहोचवतात, म्हणजे जितके आम्ल जास्त, तितकी संरक्षणाची सामग्रीही जास्त. शिवाय पेप्सिन हे विकर पेशीत पेप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात साठवलेले असते आणि पोकळीतील आम्लात गेल्यावरच कार्यक्षम होते. एवढे करूनही पृष्ठभागावरील पेशी टिकतात त्या काही दिवसच, आणि त्यांची जागा खळग्यांतून वर सरकणाऱ्या नव्या पेशी घेतात.

या संरक्षणाची सूत्रे प्रोस्टाग्लँडिन या रसायनांकडे असतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि अॅस्पिरिन ही औषधे त्यांचीच निर्मिती रोखतात, आणि हा परिणाम मुख्यतः रक्तावाटे होतो. त्यामुळे 'जेवून घेतली, आता काळजी नाही' हा समज अर्धवट आहे. जेवणामुळे जळजळ कमी होईल, पण व्रणाचा धोका टळत नाही. इंजेक्शननेही तो टळत नाही.

प्रश्न: लहान आतडे पसरले, तर टेनिसच्या मैदानाएवढे होते, असे मुलाला शाळेत शिकवले. हे खरे आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: ते जुने गणित आहे. टेनिसचे मैदान सुमारे २६० चौरस मीटर असते. २०१४ साली स्वीडनमधील संशोधकांनी नव्याने मोजमाप केले, तेव्हा संपूर्ण अन्नमार्गाच्या अस्तराचे क्षेत्रफळ सरासरी ३२ चौरस मीटर भरले, आणि त्यातील मोठ्या आतड्याचा वाटा जेमतेम दोन चौरस मीटरचा निघाला. ठाण्याच्या भाषेत सांगायचे, तर सुमारे ३४५ चौरस फूट, म्हणजे एक छोटी वन-आरके खोली. हे क्षेत्रफळ वाढते ते मुख्यतः व्हिलाय या अर्धा ते एक मिलिमीटर उंचीच्या, बोटांसारख्या प्रवर्धांमुळे, आणि त्यांच्या पेशींवरील त्याहून कितीतरी सूक्ष्म केसाळ कडांमुळे. व्हिलायच्या पायथ्याशी लिबरक्युनच्या ग्रंथी असतात. त्यांच्या तळातून नव्या पेशी वर चढतात आणि टोकाशी पोहोचून गळून पडतात. सीलिअॅक आजारात गव्हातील ग्लूटेनमुळे व्हिलाय सपाट होतात आणि या ग्रंथी लांबट होतात. गहू बंद केला की अस्तर हळूहळू पूर्ववत होऊ लागते, म्हणून या आजाराची शंका असल्यास रक्ततपासणी आणि बायोप्सी होईपर्यंत पोळी बंद करू नये, अन्यथा तुकड्यात आजार दिसणारच नाही.