प्रतीकाला नैवेद्य कोण दाखवतं?

"मुलगा विचारतो, रामायण खरंच घडलं का? काय सांगू?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणाऱ्या पालकांना खरी धास्ती वेगळीच असते: पोरगं हातचं गेलं की काय.

एका घरात नववीतल्या मुलाने पोथी चालू असताना विचारलं, "पुष्पक विमान कशावर चालायचं?" आजोबांनी पोथी मिटली. महिनाभर अबोला. वडिलांनी समेटासाठी म्हटलं, "बाबा, ते सगळं प्रतीक आहे हो." आजोबा पहिल्या भेटीत एवढंच बोलले, "प्रतीकाला नैवेद्य कोण दाखवतं?"

विमानाला विज्ञानाचे टेकू दिले, तर एक टेकू निसटताच मुलाच्या लेखी अख्खं रामायण कोसळतं. 'नुसतं प्रतीक' म्हटलं, तर ज्याने जन्मभर रामाशी बोलत दिवस काढले त्याचा आधारच जातो.

म्हणून आधी प्रश्न सुटे करायचे. घडलं का, हा इतिहासाचा. ग्रंथात तसं आहे का, हा पाठाचा, म्हणजे ग्रंथातल्या शब्दांचा, आणि तो घरबसल्या तपासता येतो. वाल्मीकींकडे लक्ष्मणरेषा नाही. अहल्येची शिळाही होत नाही. ती कुणाला न दिसता, राखेत पडून, वाऱ्यावर जगत तप करते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ महाभारताच्या पोथ्या ताडून पाहण्याचं काम चाललं. पाठ तपासल्याने श्रद्धा बुडत नाही. उरतो तिसरा प्रश्न: यातलं माझ्या मनाला काय लागतं?

तिसऱ्या भेटीला आजोबांनी लाल फडक्यात बांधलेलं एकनाथांचं भावार्थ रामायण आणलं. बालकांडाची सुरुवात नातवाने वाचली. कौसल्या ही सद्विद्या, कैकेयी अविद्या, मंथरा कुविद्या.

"हे नाथांनीच लिहिलंय? मग ते रामाला मानत नव्हते?"

"मानत नव्हते कसे?" आजोबा अडखळले. "दोन्ही मानत होते."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मुलगा म्हणाला, "विमानाचं जाऊ द्या आजोबा. रामाने सीतेला सोडलं ते खरं असेल, तर मी नमस्कार कसा करू?"

गाठ इथे होती. 'घडलं का'च्या आड फार वेळा हीच बोच असते. विमानाचं विचारणं सोपं, हे अवघड.

आजोबा हळूच म्हणाले, "माझी आई ते पान आलं की पोथी बांधायची. म्हणायची, आज एवढंच."

घरी करायचं ते असं. दिवसाला पंधरा मिनिटं, एकच प्रसंग. वाचून झाल्यावर विचारा, "तुला काय खटकलं?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा, मोठ्यांना हेच सर्वांत जड जातं. आधी स्वतःला काय खटकतं ते सांगितलंत, तर मूल लवकर मोकळं होतं. जेवणाच्या पानावर हा विषय नको, तिथे सगळे एकदम तुटून पडतात. मोबाइलवर आलेले पुरावे तर मुळीच काढू नका.

त्या घरात आता नातू वाचतो, आजोबा ऐकतात. सीतात्यागावर दोघांचं अजून पटलेलं नाही. ते पान मात्र पुरतं वाचून होतं.