‘कालू’, ‘काळ्या’ आणि ‘वर्णद्वेष’: लाडाचे संबोधन अपमान कधी ठरते?

एका क्रीडा मंडळाच्या कार्यकर्त्यांनी दोन प्रश्न विचारले आहेत. मंडळाच्या वार्षिक अंकासाठी ते वेस्ट इंडीजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी याच्यावर लेख लिहीत आहेत. आयपीएलमध्ये सनरायझर्स हैदराबादकडून खेळताना आपल्याला ‘कालू’ म्हणत असत, अशी तक्रार सॅमीने २०२० मध्ये जाहीरपणे केली होती. प्रश्नकर्त्यांचे म्हणणे असे की, ‘काळू’ आणि ‘काळ्या’ ही नावे आपल्याकडे घरोघरी प्रेमाने घेतली जातात, मग अशा शब्दाला वर्णद्वेषी म्हणणे भाषेच्या दृष्टीने योग्य आहे का? दुसरा प्रश्न असा की, या संदर्भात ‘वर्णद्वेष’ लिहावे, ‘वर्णभेद’ लिहावे की ‘वंशवाद’?

पहिल्या प्रश्नाबाबत माझे मत स्पष्ट आहे. शब्द लाडाचा असू शकतो हे खरे आहे, आणि सॅमीची तक्रारही पूर्णपणे रास्त आहे.

आधी प्रसंग नीट पाहू. मे २०२० मध्ये अमेरिकेत पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाल्यानंतर अनेक खेळाडू वर्णभेदाविरुद्ध बोलू लागले, त्यांत सॅमी आघाडीवर होता. त्याच सुमारास भारतीय वंशाचे अमेरिकी विनोदकार हसन मिन्हाज यांच्या कार्यक्रमात, भारतीय उपखंडातील समाज काळ्या लोकांविषयी कोणते शब्द वापरतो याची चर्चा त्याने ऐकली आणि ‘कालू’चा अर्थ त्याला कळला. तोवर या शब्दाचा अर्थ ‘दणकट घोडा’ असा काहीतरी असावा अशी त्याची समजूत होती. त्याने स्वतःही एका शुभेच्छासंदेशात हे नाव अभिमानाने वापरले होते. हैदराबाद संघातला त्याचा सहकारी इशांत शर्मा याने २०१४ मध्ये समाजमाध्यमावर टाकलेल्या एका छायाचित्राखाली हाच शब्द होता, तोही लपूनछपून नव्हे, सर्वांना दिसेल असा. आपल्याला आणि श्रीलंकेच्या तिसारा परेराला या नावाने हाक मारली जाई आणि त्यावर सगळे हसत, असे सॅमीने सांगितले. ते हसू सलगीचे आहे असे समजून तोही त्यात सामील होत असे.

मला या सगळ्यात निर्णायक वाटते ती हीच गोष्ट. आपल्या घरातल्या ‘काळ्या’ला आपले नाव कळते, त्यावर रागावता येते, उलट चार शब्द सुनावता येतात. ‘पश्या’, ‘दिल्या’ या नावांच्या शेवटी येणारा ‘या’ मराठीत जवळीक दाखवतो, आणि ‘काळ्या’तही तो काही प्रमाणात तेच काम करतो. ती जवळीक दोन्हीकडून असावी लागते. ज्याला शब्दाचा अर्थच ठाऊक नाही, त्याच्या बाबतीत सलगीचा पुरावा म्हणून त्याच्या हसण्याकडे बोट दाखवता येत नाही.

शिवाय ‘लाडाचा शब्द’ हे वर्णन तरी कितपत खरे आहे, हे आपल्याच भाषेत तपासून पाहावे. केस काळेभोर असतात, डोळे काळेभोर असतात, जमीनही काळीभोर असते आणि त्या शब्दात कौतुक असते. कातडीची गोष्ट आली की मात्र ‘भोर’ जाते आणि ‘काळाकुट्ट’, ‘काळाकुळकुळीत’, ‘काळाठिक्कर’ असे शब्द येतात. गोऱ्या माणसासाठी ‘गोरापान’ आणि ‘गोरागोमटा’ आहेत, त्यांत नापसंतीची छटा शोधूनही सापडणार नाही. विठ्ठलाला आपण भक्तिभावाने ‘सावळा’ म्हणतो, पण तेच विशेषण स्थळ सांगताना मुलीला लावायचे झाले तर ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे’ असे वाक्य तयार होते. त्या ‘पण’मध्ये आपला सगळा पूर्वग्रह आहे. ‘काळ्या’ हे नाव याच भाषेतून उचललेले असते, त्यामुळे घरातल्या प्रेमाने ते कितीही पुसले तरी त्याचा मूळ रंग पूर्ण जात नाही. भारतीय खेळाडूंनीही हे सोसले आहे. कसोटीपटू अभिनव मुकुंदने २०१७ मध्ये आपल्या वर्णावरून होणाऱ्या शेऱ्यांबद्दल जाहीर निवेदन लिहिले, आणि माजी फिरकी गोलंदाज लक्ष्मण शिवरामकृष्णन यांनी २०२१ मध्ये, आपल्याच देशात आयुष्यभर रंगावरून वेगळी वागणूक सोसल्याचे सांगितले.

हा वाद फक्त आपल्या भाषांपुरता नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये लिव्हरपूल फुटबॉल संघाचा उरुग्वेचा खेळाडू लुईस सुआरेझ याने मँचेस्टर युनायटेडच्या कृष्णवर्णीय पॅट्रिस एव्राला स्पॅनिशमध्ये ‘नेग्रो’ म्हणजे ‘काळा’ म्हटले. उरुग्वेत हा शब्द मित्रही एकमेकांना वापरतात, असा त्याचा बचाव होता. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने त्यावर चक्क भाषातज्ज्ञांचे मत घेतले. तज्ज्ञांनी सांगितले की शब्द मैत्रीचा असू शकतो, परंतु एव्राने वर्णन केले तशा भांडणात तो उच्चारला असेल तर उरुग्वेतही तो अपमानच मानला जाईल. सुआरेझवर ८ सामन्यांची बंदी आणि ४० हजार पौंडांचा दंड आला. २०२० मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून खेळणाऱ्या उरुग्वेच्याच एडिन्सन कवानीने अभिनंदन करणाऱ्या एका मित्राला ‘नेग्रितो’ (‘नेग्रो’चेच लाडाचे रूप) म्हणून धन्यवाद दिले आणि त्याच्यावर ३ सामन्यांची बंदी आली, तेव्हा उरुग्वेच्या भाषा अकादमीने निषेध नोंदवला. मला स्वतःला या दोन निर्णयांत फरक वाटतो. कवानीचा मित्र त्याच भाषेतला होता, शब्द त्याच्या ओळखीचा होता आणि भांडण नव्हते. सॅमीचा प्रसंग या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो. तेथे भांडण नव्हते, पण सामाईक भाषाही नव्हती.

‘आमच्याकडे तसा अर्थ नाही’ हा युक्तिवाद मुंबईलाही परिचित आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये वानखेडेवर काही प्रेक्षकांनी ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सकडे पाहून माकडाचे हावभाव केले, आणि पोलिसांनी काही जणांना मैदानाबाहेर काढले. तेव्हा हनुमानाचा दाखला देणारे होते, आपण लहान मुलाला प्रेमाने ‘माकडा’ म्हणतो हे सांगणारेही होते. पण ते हावभाव एकट्या सायमंड्सलाच का, त्याच्या गोऱ्या सहकाऱ्यांना का नाहीत, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. तिकडे इंग्लंडच्या यॉर्कशायर काउंटी संघात पाकिस्तानी वंशाचा क्रिकेटपटू अझीम रफिक याने सोसलेल्या वर्णद्वेषी शब्दांना काही काळ ‘खेळीमेळीची थट्टा’ म्हटले गेले. चेतेश्वर पुजारालाही तिथे ‘स्टीव्ह’ म्हणत असत, कारण त्याचे नाव उच्चारण्याची तसदी कोणी घेत नव्हते. या नावात तर रंगाचा उल्लेखही नाही, तरी मला त्यात तीच बेपर्वाई दिसते.

आता दुसरा प्रश्न. ‘वंशवाद’ हा शब्द मी टाळेन, कारण हिंदी बातम्यांतून तो घराणेशाहीच्या अर्थाने आपल्या कानावर सतत पडतो आणि वाचक गोंधळतो. ‘वर्णद्वेष’ आणि ‘वर्णभेद’ हे दोन्ही शब्द दक्षिण आफ्रिकेच्या संदर्भात मराठीत रुळले आहेत. ‘वर्ण’ म्हटल्यावर आपल्या मनात चातुर्वर्ण्यही येते, परंतु खेळाच्या लेखात संदर्भामुळे तो घोटाळा सहसा होत नाही. दोहोंतला फरक दुसऱ्या पदात आहे. ‘द्वेष’ ही मनातली गोष्ट असल्याने आरोप होणारा माणूस लगेच ‘माझ्या मनात द्वेष नव्हता’ असे सांगतो, आणि बऱ्याचदा ते खरेही असते. ‘भेद’ मात्र कृतीत दिसतो, मनात काहीही असो. २०२३ मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या मैदानावर ब्राझीलचा कृष्णवर्णीय फुटबॉलपटू व्हिनिसियस ज्युनियर याला उद्देशून माकडाच्या आरोळ्या ठोकल्या गेल्या, त्याला ‘वर्णद्वेष’ हाच शब्द योग्य आहे. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीत सीमारेषेवर मोहम्मद सिराजला प्रेक्षकांतून शिवीगाळ झाली, त्याने कर्णधार अजिंक्य रहाणेकडे तक्रार केली आणि खेळ थांबला, त्या प्रसंगालाही तोच शब्द लागू होतो. सॅमीच्या प्रसंगी ‘वर्णभेदी संबोधन’ असे लिहावे.

आपल्या मसुद्यातील ‘हबशी वंशाचा’ हे शब्द काढून टाकावेत. मलिक अंबरच्या किंवा जंजिऱ्याच्या सिद्दींच्या इतिहासात ‘हबशी’ योग्य ठरतो, पण सॅमीसारख्या सेंट लुशियाच्या आजच्या खेळाडूला तो लावणे चुकीचेही आहे आणि बोचरेही. ‘कालू’ अवतरणचिन्हांत तसाच ठेवावा, त्याचे ‘काळू’ करू नये, कारण सॅमीने ऐकलेला शब्द हिंदीतला आहे. शिवाय सॅमीने काही दिवसांनी, एका सहकाऱ्याशी आपले बोलणे झाले, त्याने तो शब्द प्रेमाने वापरल्याचे सांगितले आणि आपला त्याच्यावर विश्वास आहे, असे लिहिले होते. तेही लेखात अवश्य घ्यावे, आणि त्याच संदेशात, या विषयावर लोकांना शिकवण्याचे मार्ग आपण शोधत आहोत असेही त्याने लिहिले होते, ते वाक्य वगळू नये.