बायबलमधली सहा दिवसांची सृष्टी आणि बिग बँग, दोन्ही एकदम मानता येतात का?

माझ्या मते येतात. बिग बँगची, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीची, कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी १९२७ मध्ये मांडलं, १९३१ मध्ये ‘आद्य अणू’ची, म्हणजे सगळं विश्व एका अतिदाट कणापासून सुरू झालं ही कल्पना. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या विज्ञानाचा निर्मात्याशी थेट संबंध जोडला, तेव्हा लमेत्रांनाच ते पटलं नाही. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. मला हेच सर्वांत प्रामाणिक वाटतं.

बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय नीट वाचा: संध्याकाळ-सकाळ पहिल्याच दिवशी होते, सूर्य मात्र चौथ्या दिवशी. हे ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीन यांनाही सोळाशे वर्षांपूर्वी खटकलं होतं. ते दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे नाहीत, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं.