नातवंडांच्या कॉलेजची शिल्लक आणि राज्याच्या प्राप्तिकरातील वजावट

प्रश्न : मी कोथरूडला राहतो, बँकेतून निवृत्त झालो आहे. मुलगा आणि सून अमेरिकेत इलिनॉय राज्यात, शिकागोजवळ असतात. तीन वर्षांच्या नातीच्या कॉलेजसाठी त्यांनी तिथल्या राज्याच्या ५२९ योजनेत खाते उघडले असून त्यात ते दरमहा ३०० डॉलर भरतात. माझी एक मुदत ठेव नोव्हेंबरमध्ये संपते आहे. त्यातले ८ लाख रुपये नातीसाठी द्यावेत असे आम्हा उभयतांना वाटते. सून म्हणते, आजोबांनी खात्यात थेट भेट म्हणून भरावेत. मुलगा म्हणतो, तसे केले तर राज्याच्या करातली वजावट हातची जाईल. कोणाचे ऐकावे? मी स्वतःच नातीसाठी वेगळे खाते उघडले तर?

उत्तर : या बाबतीत मुलाचे म्हणणे बरोबर आहे. ‘राज्याचा प्राप्तिकर’ ही कल्पनाच आपल्याकडे अपरिचित असल्यामुळे त्याचे कारण आधी सांगतो. आपला प्राप्तिकर केंद्र सरकारचा असतो. महाराष्ट्र सरकार पगारातून घेते तो व्यवसाय कर, आणि तोही वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. अमेरिकेत मात्र केंद्राचे विवरणपत्र वेगळे आणि बहुतेक राज्यांत राज्याचे वेगळे भरावे लागते. ५२९ योजनेत, म्हणजे १९९६ साली केंद्रीय करकायद्यात आलेल्या त्या क्रमांकाच्या कलमाखालील शैक्षणिक बचत योजनेत, भरलेल्या रकमेवर केंद्र सरकार कोणतीही वजावट देत नाही. गुंतवणुकीवरची वाढ शिक्षणाच्या मान्य खर्चासाठी काढली तर ती करमुक्त असते, एवढीच केंद्राची सवलत. भरणा केल्याबद्दल त्याच वर्षी मिळणारी वजावट ही राज्याची देणगी आहे, आणि तिचे नियम राज्यागणिक बदलतात.

इलिनॉय आपल्याच राज्याच्या योजनेत भरलेल्या रकमेवर एकट्या करदात्याला वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत आणि संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या पती-पत्नीला २०,००० डॉलरपर्यंत वजावट देते. मात्र ही वजावट ज्याने भरणा केला त्याला मिळते. आपण थेट भरलेत तर भरणा करणारे आपण ठरता, आणि आपण इलिनॉयचे विवरणपत्र भरतच नसल्यामुळे ती वजावट कोणाच्याच पदरात पडत नाही. म्हणून रक्कम मुलाच्या तिथल्या बँक खात्यात भेट म्हणून पाठवावी आणि मुलाने ती स्वतःच्या नावाने ५२९ खात्यात भरावी. ८ लाखांचे सुमारे ९,००० डॉलर होतील असे धरू. वर्षभराचे त्यांचे ३,६०० डॉलर मिळवून एकूण भरणा १२,६०० होतो, म्हणजे पती-पत्नीच्या संयुक्त मर्यादेच्या बराच आत. इलिनॉयचा दर सरसकट ४.९५ टक्के आहे. आपल्या ९,००० डॉलरवर सुमारे ४४५ डॉलर कर वाचतो. पुष्कळजण वजावटीची रक्कम हीच बचत समजतात. तसे नव्हे, वाचतो तो तेवढ्या रकमेवरचा कर. तरीही ४४५ डॉलर म्हणजे मुला-सुनेच्या दीड महिन्याच्या भरण्याएवढी रक्कम, आणि ती केवळ पैसे कोणत्या वाटेने गेले यावर अवलंबून आहे.

आपण पत्रासोबत खात्याच्या पत्रकाची प्रत जोडलीत, हे फार चांगले केलेत. त्यावर खातेदार म्हणून सूनबाईंचे आणि लाभार्थी म्हणून नातीचे नाव आहे. मुलगा आणि सून संयुक्त विवरणपत्र भरत असतील तर त्यामुळे काहीच बिघडत नाही. स्वतः खाते उघडण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. खातेदाराकडे अमेरिकेचा सामाजिक सुरक्षा क्रमांक किंवा करदाता क्रमांक आणि तिथला पत्ता असावा लागतो.

तारखेकडे विशेष लक्ष द्यावे. इलिनॉयमध्ये वजावटीचे वर्ष ३१ डिसेंबरला संपते. आपल्या ३१ मार्चची सवय असलेल्या माणसाकडून इथेच चूक होते. ठेव नोव्हेंबरमध्ये संपत असल्याने पॅन आणि परदेशी पैसे पाठवण्यासाठी लागणारा ए-२ फॉर्म घेऊन बँकेत लगेच जावे. एका आर्थिक वर्षात परदेशी पाठवलेली एकूण रक्कम १० लाखांवर गेली तर वरच्या भागावर, भेटीच्या बाबतीत, बँक २० टक्के कर आगाऊ गोळा करते. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. याच वर्षी मुलाकडे जाताना घेतलेले डॉलरही या १० लाखांत मोजले जातात, ते विसरू नये. हा कर बुडत नाही, आपल्या विवरणपत्रात त्याचे समायोजन होते. पण तोवर पैसा अडकतो.

एक काळजी मुला-सुनेने घ्यायची आहे. अमेरिकेचे केंद्र सरकार या ५२९ खात्यातून शाळेची फी भरू देते, इलिनॉय मात्र तो खर्च मान्य करत नाही. नातीच्या खासगी शाळेसाठी यातून पैसे काढले किंवा खाते दुसऱ्या राज्याच्या योजनेत हलवले, तर घेतलेली वजावट राज्य परत वसूल करते.

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात आहे. तिथे ५२९ वर काहीच वजावट नाही, मग त्यात पैसे कशाला ठेवायचे, असे जावयांचे मत आहे. (बाणेर)

उत्तर : कॅलिफोर्निया प्राप्तिकर घेते आणि वजावट देत नाही, हे खरे आहे. परंतु वाढ करमुक्त राहण्याचा मुख्य लाभ तिथेही मिळतो, आणि लहान मुलाच्या बाबतीत पंधरा-सतरा वर्षांची वाढ ही एका वर्षाच्या वजावटीपेक्षा मोठी असते. शिवाय स्वतःच्या राज्याशी बांधले जाण्याचे कारण नसल्याने कोणत्याही राज्याची, कमी खर्चाची योजना निवडता येते. उद्या ते पेनसिल्व्हेनियात गेले, तर ते राज्य कोणत्याही राज्याच्या योजनेतील भरण्यावर वजावट देते. न्यूयॉर्कला गेले, तर तिथे फक्त त्याच राज्याच्या योजनेवर आणि फक्त खातेदाराला, संयुक्त विवरणपत्रात १०,००० डॉलरपर्यंत.

प्रश्न : मुलगा न्यूयॉर्कहून दोन वर्षांत हिंजवडीत नोकरीसाठी परतणार आहे. त्याने सहा वर्षे वजावट घेतली आहे. ती परत द्यावी लागेल का? नातू पुण्यात शिकला तर खात्याचे काय? (औंध)

उत्तर : केवळ राज्य किंवा देश सोडल्याने घेतलेली वजावट परत द्यावी लागत नाही. अमान्य कारणासाठी पैसे काढले तर मात्र वाढीवर केंद्राचा कर आणि वर १० टक्के दंड बसतो, आणि न्यूयॉर्क आपली वजावटही परत घेते. इथल्या कॉलेजची फी मान्य खर्चात धरायची, तर ती संस्था अमेरिकी सरकारच्या विद्यार्थी अर्थसाहाय्यास पात्र संस्थांच्या यादीत असावी लागते. प्रवेश घेण्यापूर्वी ती यादी पाहावी. नातू पुढे अमेरिकेत शिकायला जाणार असेल तर खाते तसेच राहू द्यावे. लाभार्थी म्हणून भावंडाचे नावही लावता येते.

मुलगा इथला पूर्ण निवासी ठरला की त्याचे जगभरचे उत्पन्न भारतात करपात्र होते, आणि आपल्या कायद्यात परदेशी खात्यांसाठी जी खास सवलत आहे ती निवृत्तीच्या खात्यांपुरती आहे, शैक्षणिक बचतीला ती लागू नाही. त्या वर्षापासून हे खाते विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात न चुकता दाखवावे लागेल. त्यासाठी दरवर्षीची शिल्लक आणि भरण्याची पत्रके त्याने आत्तापासूनच उतरवून ठेवावीत.