तिची गोष्ट चित्रकथीत मांडू का?

प्रश्न: ताई, कुडाळजवळ आमचा बचत गट आहे. गटातली एक जण नवऱ्याच्या माराला कंटाळून माहेरी आलीय, ती स्वतःच म्हणते माझी गोष्ट लोकांना कळूदे. पिंगुळीच्या चित्रकथीसारखी चित्रं काढून जत्रेत सांगायचा विचार आहे. नाव बदललं की झालं ना?

उत्तर: नुसतं नाव बदलून काय होतंय हो, "नवरा ट्रॉलरवर, विहिरीकडचं घर" एवढं म्हटलं की अख्खी वाडी ओळखते. गाव, धंदा, मुलं सगळं बदला, नाहीतर चार-पाच जणींच्या अनुभवातून एकच बाई उभी करा. चित्रकथी मात्र झकास, एकेक चित्र पुढे धरून गात सांगायचं, तिला स्वतःला समोर यावं लागत नाही आणि मारच दाखवायला पाहिजे असंही नाही, उंबऱ्यावर फुटकी कांकणं नि आत चुलीवर पेज उतू जातेय एवढ्यावर बायका समजतात (रक्तबिक दाखवणारी पथनाट्यं मला तर बघवत नाहीत). शेवट काय करायचा ते तिला ठरवूदे, आदल्या रात्री नको म्हणाली तर बॅनर छापला असला तरी खेळ रद्द. बलात्काराची केस असेल तर पीडितेची ओळख उघड करणं गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत कैद. व्हिडिओ स्टेटसला टाकू नका. आणि खेळ संपल्यावर एखादी मागे रेंगाळतेच, तिच्याशी बोलायला कुणीतरी थांबा, १८१ हेल्पलाइन आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर आधीच काढून ठेवा.