वाचकांचे प्रश्न : हातातल्या ऑर्डर आणि हातून झालेले काम

प्रश्न : एका संरक्षण कंपनीचे थोडे शेअर माझ्याकडे आहेत. तिच्या वार्षिक अहवालात धोरणात्मक उद्दिष्टे आणि त्यांपुढे वर्षभरातील प्रगती दिलेली असते. दरवर्षी प्रत्येक उद्दिष्टापुढे प्रगती झालेलीच दिसते. ती कितपत खरी, हे सामान्य भागधारकाने कसे ओळखावे?

उत्तर : यंदाचा अहवाल वाचण्याआधी गेल्या वर्षीचा काढून शेजारी ठेवा. ‘पुढील वर्षाचे लक्ष्य’ म्हणून जे लिहिले होते, ते यंदा पूर्ण झाले म्हणून आले आहे, पुढे ढकलले गेले आहे की त्याचा उल्लेखच गळाला आहे, हे ताडून पाहा. माझ्या मते गळालेला उल्लेख सर्वांत बोलका असतो, कारण जे साधले ते कोणतीही कंपनी सांगायचे विसरत नाही.

प्रगती म्हणून बहुधा सर्वांत आधी ऑर्डरचा आकडा पुढे केला जातो. २०२४ च्या अखेरीस बीएई सिस्टिम्स या ब्रिटिश संरक्षण कंपनीकडे सुमारे ७८ अब्ज पौंडांच्या ऑर्डर शिल्लक होत्या आणि त्या वर्षीची विक्री सुमारे २८ अब्ज पौंडांची होती, म्हणजे पावणेतीन वर्षांहून थोडे अधिक पुरेल इतके काम हातात होते. हा आकडा मोलाचा आहेच. पण ऑर्डर मिळणे हे ग्राहक सरकारने टाकलेल्या विश्वासाचे माप आहे आणि तो विश्वास पाळला गेला का, हे मुख्यतः वेळेवर झालेल्या सुपुर्दीवरून कळते. त्यातही विमान कारखान्याबाहेर पडणे आणि ग्राहकाने ते स्वीकारणे या दोन वेगळ्या घटना आहेत. नव्या संगणकप्रणालीचे काम अपुरे असल्याने जुलै २०२३ पासून सुमारे वर्षभर ती प्रणाली बसवलेली, लॉकहीड मार्टिन या अमेरिकी कंपनीची एफ-३५ लढाऊ विमाने अमेरिकी सरकारने ताब्यातच घेतली नाहीत. उत्पादन चालू होते, विमाने तयार होऊन उभी राहत होती, पण सुपुर्दी थांबली होती. आणि स्वीकार पुन्हा सुरू झाल्यावरही प्रत्येक विमानामागे काही रक्कम रोखून धरली गेली. म्हणून ‘इतकी तयार केली’ आणि ‘इतकी सुपूर्द केली’ यांतला शब्द नीट वाचा.

प्रश्न : काम अर्धवट असताना कंपनी नफा कसा दाखवते? आणि तोच नफा एखाद्या वर्षी अचानक तोट्यात का जातो?

उत्तर : पाणबुडी किंवा लढाऊ विमानाचे काम अनेक वर्षे चालते, त्यामुळे झालेल्या खर्चाच्या प्रमाणात उत्पन्न दाखवण्याची रीत आहे. समजा, करार १,००० कोटींचा आहे आणि एकूण खर्चाचा अंदाज ९०० कोटी आहे. पहिल्या वर्षी ४५० कोटी खर्च झाले म्हणजे निम्मे काम झाले असे धरून ५०० कोटी उत्पन्न आणि ५० कोटी नफा दाखवला जातो. दुसऱ्या वर्षी एखादा भाग चाचणीत नापास झाला आणि एकूण खर्चाचा अंदाज १,०५० कोटींवर गेला, तर आधीचा ५० कोटींचा नफा पुसावा लागतोच, शिवाय करारातून होणार असलेल्या सगळ्या ५० कोटींच्या तोट्याची तरतूद त्याच वर्षी करावी लागते. एका अंदाजाच्या बदलाने त्या वर्षाच्या हिशेबात १०० कोटींचे भगदाड पडते. त्यामुळे ‘अंतिम खर्चाचा अंदाज’ कसा बदलला, हे सांगणारी टीप शेवटच्या पानांत बारीक अक्षरांत असली तरी अवश्य वाचा.

किंमत ठरीव असेल तर हा धोका जवळजवळ सगळा कंपनीच्या अंगावर येतो. बोइंगने २०११ मध्ये हवेत इंधन भरणाऱ्या केसी-४६ विमानांचा करार अशाच अटींवर मिळवला. पहिली १८ विमाने २०१७ मध्ये द्यायची होती, पण पहिले विमान जानेवारी २०१९ मध्ये सुपूर्द झाले आणि या कामात कंपनीने आजवर ७ अब्ज डॉलरहून अधिक तोटा सोसला आहे. करार मिळाला त्या वर्षी मात्र तो मोठे यश म्हणूनच मोजला गेला होता.

प्रश्न : रोख रकमेचा आकडा चांगला असेल तर निश्चिंत राहावे का?

उत्तर : लगेच नको. मोठ्या करारावर सही झाली की ग्राहक आगाऊ रक्कम देतो आणि त्या वर्षी रोख फुगलेली दिसते. पुढे कच्चा माल, सुटे भाग आणि मजुरीवर तीच रक्कम खर्च होते. तीन-चार वर्षांची रोख एकत्र धरून नफ्याशी ताडून पाहिली, तर चित्र पुष्कळ स्वच्छ दिसते.

आणखी एक पान चुकवू नका : संचालकांच्या मानधनाचे. बोनस कोणत्या उद्दिष्टांवर किती टक्के अवलंबून आहे, हे अनेक कंपन्यांच्या अहवालांत तिथे दिलेले असते. सुरुवातीच्या पानांवर वेळेवर सुपुर्दी आणि कामगारांची सुरक्षितता ही पहिली उद्दिष्टे असतील, पण बोनसचा मोठा वाटा फक्त नफा आणि रोख यांवर ठरत असेल, तर वार्षिक सभेत त्याबद्दल प्रश्न विचारण्याचा भागधारक म्हणून तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि तो तुम्ही विचारावा असे मला मनापासून वाटते.