पहिला फोल्डिंग चाकू घेतोय, वापरायला पण होईल आणि कलेक्शनला पण, असा कुठला घेऊ?

दोन्ही एकाच चाकूत शोधायला गेलात तर फसाल. वापरायचा असेल तर आधी लॉक बघा, म्हणजे उघडलेलं पातं आपोआप मिटू नये म्हणून असलेली अडकण, बिनलॉकचा फळं-दोरी-पाकिटं कापायला ठीकय पण टोकाने जोर देऊन काही टोचायला गेलात की पातं सरळ बोटांवर मिटतं, माझ्या बोटावर खूण आहे अजून. लायनर लॉक (मुठीच्या आतली धातूची पट्टी पात्याला अडवते) नाहीतर बॅक लॉकवाला (मुठीच्या पाठीवर दाबायची कळ) घ्या, पातं ७-८ सेंमी बास, त्याहून मोठं नुसतं मिरवायला. कार्बन स्टीलला धार पटकन लागते पण ओलं ठेवलं की गंज, विसरभोळे असाल तर स्टेनलेसच. मला विचाराल तर फ्रेंच कंपनीचा ओपिनेल नंबर ८, हलका, लाकडी मूठ, १९५५ पासूनची ती फिरवून लॉक करायची रिंग, आणि दोन्ही स्टीलमध्ये मिळतो. फक्त मूठ भिजली की लाकूड फुगतं आणि मग उघडता उघडत नाही :)

कलेक्शनचं गणित उलटंय. अमेरिकन बक कंपनीच्या ११० सारखं १९६० च्या दशकापासून चालत आलेलं मॉडेल धरा, पात्यावरच्या शिक्क्यावरून साल ओळखत बसायला मजा येते, पण त्याला धार लावू नका, पातं झिजलं की किंमत पडते. आणि बॉक्स टाकू नका प्लीज.